एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबने गुडिसन पार्क हे आपलं जुनं मैदान सोडलं, हे बरोबर केलं का?

बरोबरच केलं, जीव कितीही तुटला तरी. 1892 पासूनचं ते मैदान लिव्हरपूलच्या दाट वस्तीत अडकलेलं. एका कोपऱ्यात तर सेंट ल्यूक चर्च स्टँडला खेटून उभं! वाढवायला जागाच नव्हती. प्रेक्षक जेमतेम चाळीस हजार, त्यातही काही लाकडी खुर्च्यांसमोर नेमका लोखंडी खांब. नवं स्टेडियम जवळपास 53 हजारांचं आहे, आणि मोठ्या क्लबांशी टक्कर द्यायची तर तिकिटांचा पैसा लागतोच.

18 मे 2025 ला गुडिसनवर पुरुष संघाचा शेवटचा सामना झाला. साउदॅम्प्टनविरुद्ध 2-0, दोन्ही गोल एव्हर्टनच्या एन्डियायचे. सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले होते. रत्नागिरीत आम्ही चार टाळकी टीव्हीसमोर बसलेलो, आणि शेवटची शिट्टी वाजल्यावर कोणी उठेना.

नव्या जागेबद्दल मात्र मला ममत्व वाटतं. मर्सी नदीकाठची ब्रॅम्ली-मूर ही जुनी गोदी समुद्रातल्या वाळूने भरून त्यावर स्टेडियम उभारलं. मिरकरवाडा बंदराच्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला ते परकं कसं वाटेल? तरी एक खरं, 2021 मध्ये लिव्हरपूलचा जागतिक वारसा दर्जा गेला, त्यामागच्या कारणांत या बांधकामाचंही नाव होतं.

आणि गुडिसन पाडलेलं नाही बरं का. तो बेत बदलला, आता तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. क्लबचा हा निर्णय मला सगळ्यात जास्त आवडला.