कुटुंबं लहान होतायत, म्हातारी माणसं वाढतायत, याने नर्सिंगमध्ये नेमका काय फरक पडतो?

सगळ्यात मोठा फरक डिस्चार्जला पडतो, कारण घरी बघायला कोणी असेलच हे आता धरून चालता येत नाही. मी मेडिकल वॉर्डात नर्स आहे. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने २०३० पर्यंत जगात दर ६ माणसांत १ जण साठीचा किंवा पुढचा असेल, आणि अशा पेशंटला बीपी, शुगर, गुडघे सगळंच एकदम असतं, गोळ्या ढीगभर आणि सोबत आलेला नवरासुद्धा पंच्याहत्तरीचा. म्हणून ॲडमिट झाल्यापासूनच विचारायला लागतो की इन्सुलिन कोण देणार, ड्रेसिंग कोण करणार, आणि जो करणार त्याच्याकडून ते आमच्यासमोर करून घेतो, नुसतं सांगून भागत नाही. फक्त एकटा राहतो म्हणजे निराधार असं समजू नका, कधी शेजारीण पोटच्या मुलापेक्षा चोख करते आणि भरल्या घरात रात्री कूस बदलून द्यायला कोणी उठत नाही, तेव्हा दोन्हीकडे विचारावंच लागतं.