रिस्टोअर केलेले चर्च : 'जीर्णोद्धार' म्हणावे का?

विचारणा अशी आहे : इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या जुन्या चर्चच्या बांधकामावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात चर्च 'मध्ययुगीन' आणि 'रिस्टोअर्ड' असल्याचे म्हटले आहे. 'जीर्णोद्धार केलेले मध्ययुगीन चर्च' असे लिहावे का? जीर्णोद्धार हा शब्द देवळाचा, तो चर्चला कसा लावायचा, ही विचारणाऱ्याची शंका.

चर्चला लावायला हरकत नाही. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, एवढाच शब्दाचा अर्थ. माझी हरकत निराळी आहे. मराठीत जीर्णोद्धार म्हटले की पुण्यकर्म आठवते. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला, पुढे अहिल्याबाईंनी केला, असे आपण आदराने सांगतो. जुने बांधकाम किती राहिले आणि किती नव्याने उभे केले, हे सहसा कोणी विचारत नाही, कारण देव आहे तिथेच आहे आणि पूजा चालू आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधीच सांगितला आहे. मूर्ती फार जीर्ण झाली, तर ती काढून नवी बसवावी, जुनी लाकडाची असेल तर जाळावी, दगडाची असेल तर पाण्यात सोडावी. म्हणजे आपल्या शब्दात नव्याने घडवणे मुळातच आले, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

इंग्लंडमध्ये मात्र याच गोष्टीवरून एकोणिसाव्या शतकात मोठे भांडण झाले.

तिथले खेड्यातले चर्च सहसा एका शतकाचे नसते. बाराव्या शतकातली गोल कमान, तेराव्यातल्या अरुंद, टोकदार खिडक्या, पंधराव्या शतकात भिंत फोडून बसवलेल्या रुंद खिडक्या, सतराव्या-अठराव्या शतकातली दारे लावलेली खोक्यांसारखी लाकडी बाके, असे सगळे एका छपराखाली नांदत असते. व्हिक्टोरियन काळातल्या अनेक वास्तुविशारदांना आणि पाद्र्यांना ही सरमिसळ खुपली. १३००च्या आसपासची शैली सर्वांत शुद्ध, असे त्यांनी ठरवले आणि पुष्कळ चर्चेसना त्या 'मूळ रूपात' आणायला घेतले. नंतरच्या खिडक्या काढून, जुन्या कशा असतील याचा अंदाज बांधून नव्या केल्या. लाकडी खोकी मोडली. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा खरवडून आतला ओबडधोबड दगड उघडा केला. मध्ययुगात त्या दगडावर गिलावा होता आणि गिलाव्यावर चित्रे होती. तो खरवडताना कितीतरी चित्रे गेली. या सगळ्याला नाव होते 'रिस्टोरेशन', म्हणजे पूर्ववत करणे. पण जे पूर्वी कधी तसे नव्हतेच, ते पूर्ववत कसे होणार?

१८७६ साली कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्डला गेला, तेव्हा तिथल्या चर्चमध्ये असेच काम चालले होते. काम वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांचे. वीस वर्षांपूर्वी मॉरिसने उमेदवारी केली होती ती याच स्ट्रीट यांच्या कचेरीत, म्हणून ते दृश्य त्याला अधिक लागले असावे, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी ट्यूक्सबरीच्या मोठ्या चर्चवर दुसरे वास्तुविशारद सर गिल्बर्ट स्कॉट हात घालणार अशी बातमी आली आणि मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला टोपणनाव पडले ते 'खरवडण्याच्या विरोधातले' अशा अर्थाचे. हे स्कॉट आपल्याला परके नाहीत. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच आराखड्यावरून १८७८मध्ये पुरा झाला, तोही त्यांनी मुंबईला कधी पाऊल न लावता.

संस्थेच्या जाहीरनाम्यात मॉरिसने काय करावे हेही सांगितले आहे : रोजच्या देखभालीने पडझड थोपवा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, गळके छप्पर दुरुस्त करा, आणि केलेले काम जुने असल्याचा आव आणू नका. हे वाचताना मला दर वेळी एकच मराठी शब्द आठवतो, डागडुजी. पावसाळ्याआधी घर शाकारणे, ढासळलेला कोपरा लिंपणे, भिंत फुगली तर आधार देणे. ठिगळ ठिगळासारखेच दिसते आणि कोणाला त्याची लाज नसते. आपण हा शब्द घराच्या किरकोळ खर्चापुरता ठेवला आहे. मॉरिसची सगळी भूमिका त्यात मावते.

त्याचा नमुना पाहायचा तर विल्टशायरमधले इंगल्सहॅमचे चर्च. थेम्सकाठी, मॉरिसच्या केल्म्सकॉटच्या घरापासून जवळच. मनोरा नाही, पश्चिमेच्या टोकाला दोन घंटांची लहानशी घुमटी. १८८८-८९मध्ये त्याच्या पुढाकाराने इथे काम झाले, ते फक्त डागडुजीचे. म्हणून आज तिथे लाकडी खोक्यांची बाके जागच्या जागी आहेत, भिंतींवर निरनिराळ्या शतकांची चित्रे थरावर थर चढलेली दिसतात, आणि सॅक्सन काळातले, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, मेरी आणि बाळ येशूचे कोरीव शिल्पही आहे. त्या शिल्पावर नंतर कोणी तरी सूर्यघड्याळाच्या रेघा कोरल्या. त्याही तशाच आहेत.

तेव्हा आधी त्या चर्चमध्ये नेमके काय झाले ते मजकुरात शोधावे. खिडक्या, छप्पर, मांडणी बदलली असेल, तर 'जीर्णोद्धार' योग्य, शक्यतो सालासकट : '१८७०च्या दशकात जीर्णोद्धार झालेले'. नुसतेच सावरले असेल तर 'डागडुजी करून राखलेले' असे निःसंकोच लिहावे. इंग्रजीत 'फार रिस्टोअर केलेले' अशी शेरेबाजी आढळली, तर ती तक्रार आहे हे ओळखावे. तिथे 'जीर्णोद्धार' घातला तर तक्रारीची स्तुती होईल. 'जीर्णोद्धारात जुनेपण हरवलेले' असे काही तरी चालेल. 'संवर्धन' मी टाळेन, त्यात दोन्ही तऱ्हा झाकल्या जातात.

याच मजकुरात 'नेव्ह' आणि 'चॅन्सेल' येतीलच. चॅन्सेलला 'गाभारा' म्हणायचा मोह होतो, पण गाभाऱ्यात मूर्ती असते, चॅन्सेलमध्ये वेदी. चॅन्सेलला 'वेदीकडचा भाग' आणि नेव्हला 'लोकांच्या बसण्याचा भाग' असे लिहिलेले बरे, कारण जुन्या इंग्लंडमध्ये दुरुस्तीची जबाबदारीही तशीच वाटलेली असे : वेदीकडचा भाग चर्चच्या मुख्य पाद्र्याने राखायचा, बाकीचा गावकऱ्यांनी. गावकऱ्यांचा भाग मोठा आणि चॅन्सेल जुनाट, असे पुष्कळ ठिकाणी दिसते, त्याचे एक कारण हेच.