ऑस्करचा अंदाज: मतदार कोण, मोजणी कशी?

प्रश्न: मी लघुपट करतो आणि दर मोसमात ऑस्करचे अंदाजही बांधतो. ज्याला गोल्डन ग्लोब, त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपट धरतो. पण जमत नाही. (खानापूर)

गोल्डन ग्लोबला मत देतात पत्रकार, ऑस्करला मत देतात सिनेमात काम करणारी माणसं. ग्लोबवरून कुणाची हवा आहे ते कळतं, मतं कळत नाहीत. मतांसाठी निर्माते, दिग्दर्शक आणि कलाकार यांच्या गिल्डचे, म्हणजे व्यावसायिक संघटनांच्या पुरस्कारांचे निकाल पाहा. त्यांचे बरेच सभासद ऑस्कर देणाऱ्या अकादमीतही आहेत.

त्यातही निर्मात्यांचं गिल्ड आधी. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी ऑस्करचं मतदान पसंतीक्रमानं होतं, या गिल्डचंही तसंच. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना ही रीत नवी नाही. दहा सिनेमांना १, २, ३ असे क्रम द्यायचे. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली की तळाचा सिनेमा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीतरी निम्मा आकडा ओलांडेपर्यंत हेच चालतं. त्यामुळे काहींनी डोक्यावर घेतलेला आणि उरलेल्यांना नकोसा झालेला सिनेमा मध्येच अडकतो. बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो. म्हणून ‘हा कुणाला आवडतो’ याइतकंच ‘हा कुणाला खटकतो’ हेही शोधा.

२०१० ते २०२५ या सोळा सोहळ्यांत निर्मात्यांच्या गिल्डनं निवडलेला सिनेमा (एकदा दोघांत विभागून) तेरा वेळा ऑस्करलाही जिंकला. हुकलं ते २०१६, २०१७ आणि २०२० ला. त्यांपैकी दोनदा, ‘स्पॉटलाइट’ आणि ‘पॅरासाइट’च्या वर्षी, कलाकारांच्या गिल्डनं खरा विजेता आधीच निवडला होता. पण एकट्या त्या गिल्डवर भिस्त नको: २०२५ ला त्यांनी ‘कॉन्क्लेव्ह’ निवडला, ऑस्कर ‘अनोरा’ला गेलं.

इतर विभागांत अंतिम फेरीला पसंतीक्रम नाही. जास्त मतं त्याचा पुरस्कार. दिग्दर्शनाला दिग्दर्शकांचं गिल्ड भरवशाचं, तरी आधी नामांकनं येऊ द्या. २०१३ ला बेन ॲफ्लेकनं गिल्ड जिंकलं आणि ऑस्करच्या दिग्दर्शन विभागात त्याला नामांकनच नव्हतं. अभिनयात कलाकारांचं गिल्ड आणि बाफ्टा (ब्रिटनचे चित्रपट पुरस्कार) यांची नावं वेगळी आली तर बाफ्टाला कमी लेखू नका. २०२१ ला अँथनी हॉपकिन्स, २०२४ ला एमा स्टोन, २०२५ ला मायकी मॅडिसन: तिघांकडे बाफ्टा होता, गिल्ड नव्हतं, आणि ऑस्कर त्यांनाच मिळालं.

नोंद ठेवताना नुसतं नाव लिहू नका, टक्केही लिहा. ७०% लिहिलेला जिंकला तर १ मधून ०.७ वजा करून वर्ग करा: ०.०९. हरला तर ०.७ चा वर्ग: ०.४९. सगळ्या विभागांची सरासरी जितकी कमी, तितका अंदाज पक्का. ९५% लिहून हरलात तर एकदम ०.९० चा दणका बसतो, आणि तो बसायलाच हवा. नामांकनाआधी एकदा आणि अंतिम मतदान संपेल त्या दिवशी एकदा, असे दोन तक्ते करा. पहिला तक्ता नंतर खोडायचा नाही. कुठल्या बातमीनं तुमचं मत फिरवलं ते त्यातूनच दिसतं.

प्रश्न: हे सिनेमे सोहळ्याआधी आमच्या थिएटरला लागतच नाहीत. न पाहता अंदाज बांधावा का? (निपाणी)

संकलन, छायाचित्रण, वेशभूषा यांत गिल्डच्या निकालांवरून बरंच जमतं. लघुपटांत मात्र आधारच नसतो. न पाहता नाव लिहू नका. शिवाय २०२६ च्या सोहळ्यापासून, ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित सिनेमे पाहिल्याशिवाय सभासदाला अंतिम मत देता येत नाही. छोट्या सिनेमांना याचा फायदा व्हावा असं आम्हाला वाटतं.

प्रश्न: मराठी सिनेमा भारताकडून ऑस्करला जाईल का, याचा अंदाज कसा घ्यायचा? (बेळगाव)

इथे अंदाज दोन, मतदारही दोन. देशाचा सिनेमा निवडते फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती. पुढचं अकादमी ठरवते. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’नं २०२४ ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार जिंकला, तरी समितीनं ‘लापता लेडीज’ पाठवला. परदेशी कौतुकावरून समितीचा अंदाज बांधला की असा फसतो. मराठीतून ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) गेले. नामांकन एकालाही मिळालं नाही. सिनेमा ठरलेल्या मुदतीत थिएटरमध्ये सलग सात दिवस चाललेला आहे का, हे आधी तपासा. थेट ओटीटीवर आलेलं नाव यादीतून तिथेच काढा.

प्रश्न: आमचा लघुपट ३२ मिनिटांचा, निम्मा मराठी, निम्मा कन्नड. ऑस्करच्या शर्यतीत कसा उतरवायचा? (उचगाव)

लांबी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत चालते, म्हणजे तुम्ही मर्यादेत आहात. जवळचा रस्ता बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवाचा. तो ऑस्करसाठी पात्रता देणाऱ्या महोत्सवांच्या अकादमीच्या यादीत आहे. तिथला कुठलाही पुरस्कार चालत नाही, यादीत नोंदवलेलाच जिंकावा लागतो. प्रवेशिका भरण्याआधी त्या वर्षीची यादी उघडून पाहा. आणि त्याआधी लघुपट यूट्यूबवर टाकू नका. पात्रता बहुतेकदा इथेच जाते: गावातल्यांना दाखवायचा म्हणून आधीच अपलोड केलेला असतो.

सबटायटलवर खरा वेळ द्या. एका वेळी दोन ओळी, ओळीत ४२ अक्षरांपर्यंत, पडद्यावर किमान एक सेकंद. आपल्या भागातल्या सिनेमात चूक होते ती अशी: मराठी जाणणाऱ्याकडून भाषांतर करून घेतात आणि कन्नड वाक्यांवर नुसतं ‘कन्नडमध्ये बोलतो’ असं येतं. समोरच्या पात्राला ते वाक्य कळत असेल तर प्रेक्षकालाही कळलं पाहिजे. पात्रालाच कळत नसेल तर कोरं ठेवा. हा निर्णय दिग्दर्शकानं प्रसंगागणिक घ्यायचा, भाषांतरकारावर सोडायचा नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून शेवटची तपासणी करून घ्या.

प्रश्न: राष्ट्रीय पुरस्कारांचे अंदाजही असेच बांधता येतात का? (खानापूर)

नाही. तिथे मोजकी ज्युरी बसून चर्चेनं ठरवते. आधी निकाल देणारं गिल्ड नाही, त्यामुळे टक्के लिहिण्यात अर्थ नाही. वर्ष मात्र नीट बघा: प्रदर्शनाची नव्हे, सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरतात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. २०२३ चे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले. तुमचं प्रमाणपत्र डिसेंबरऐवजी जानेवारीत हाती आलं, तर प्रवेशिका पुढच्या वर्षाच्या गटात जाते.