परदेशस्थ प्रौढांसाठी ऑनलाइन इंग्रजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी नागपूरच्या धरमपेठेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. टोरांटो परिसरात नव्याने स्थायिक झालेल्या अकरा महिलांना मी झूमवर इंग्रजी शिकवते. मी बोलते तोवर सगळे ठीक चालते. प्रश्न विचारला की शांतता पसरते. बहुतेकींचे कॅमेरेही बंद असतात. वर्ग बोलका कसा करावा?

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, हे त्या महिलांनाही ठाऊक असते, त्यामुळे ते सांगण्याची निकड त्यांना वाटत नाही. त्यातच चारचौघींत चुकण्याचा संकोच प्रौढांना मुलांपेक्षा अधिक असतो. मतदान, प्रश्नमंजुषा, रंगीबेरंगी फळा या सोयी वर्गात हालचाल आणतात, पण त्यांनी वर्ग बोलका होतोच असे नाही. एकीला हवी असलेली माहिती दुसरीजवळ आहे आणि ती विचारल्याखेरीज मिळणार नाही, अशी स्थिती आपण मुद्दाम निर्माण केली, तरच बोलणे भाग पडते.

दवाखान्याची वेळ ठरवण्याचा प्रसंग घ्या. चार जोड्या आणि तिघींचा एक गट करून त्यांना झूमच्या छोट्या खोल्यांत (ब्रेकआउट रूममध्ये) पाठवा. एकीजवळ दवाखान्याच्या आठवड्याचा तक्ता असावा व त्यात मोजक्याच वेळा रिकाम्या असाव्यात. दुसरीजवळ तिच्या अडचणी असाव्यात, म्हणजे मुलीला शाळेतून आणण्याची वेळ, नवऱ्याची कामाची पाळी, मंगळवारी गाडी नसणे. तिघींच्या गटात तिसरीने ठरलेली वेळ व नाव लिहून घ्यावे. दोघींनी एकमेकींचा कागद पाहू नये. हे कागद व्हॉट्सअॅपवर आधीच ज्याच्या त्याच्याकडे पाठवा, कारण मुख्य खोलीत आपण दाखवत असलेला पडदा छोट्या खोलीत आपोआप दिसत नाही, आणि मग पहिली तीन मिनिटे "आता काय करायचं हो?" यातच जातात. पाठवण्यापूर्वी कोणाकडे कोणता कागद आहे आणि शेवटी काय ठरवून परत यायचे, हे दोघीतिघींकडून वदवून घ्यावे. सहासात मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये.

याच प्रसंगात आडनावाची अक्षरे सांगण्याचा सराव अवश्य ठेवावा. वाघमारे किंवा वानखेडे हे आडनाव आपल्या उच्चारात फोनवर ऐकले की पलीकडची व्यक्ती हमखास 'डब्ल्यू'ऐवजी 'व्ही' लिहून घेते, आणि पुढे आरोग्यपत्रावरील (हेल्थ कार्डावरील) नावाशी नोंद जुळत नाही. बी, डी, पी, टी ही अक्षरेही फोनवर सारखीच ऐकू येतात. म्हणून 'डी फॉर डॉग' अशा पद्धतीने सांगण्याची सवय लावावी. व्याकरणाच्या एखाद्या धड्याहून या दहा मिनिटांचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद थांबावे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे अधिक सविस्तर होतात व उत्तर देणारेही वाढतात. ऑनलाइन वर्गात माईक सुरू करण्यातच दोन सेकंद जातात, हे त्यात धरावे लागेल. कॅमेऱ्याचा मात्र आग्रह धरू नये. भाड्याच्या तळघरात दोन कुटुंबे राहत असतील, तर मागे काय दिसते याची चिंता त्या बाईला असणारच.

प्रश्न : माझ्या वर्गात एक अभियंता आहे आणि चौथीपर्यंत शिकलेल्या एक काकूही आहेत. दोघांना एकत्र शिकवणे शक्य आहे का? (मानेवाडा)

शक्य आहे, पण अभियंता पुढे आणि काकू मागे, असे गृहीत धरू नये. कॅनडातील भाषामापनात १२ पातळ्या आहेत आणि ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे यांची पातळी स्वतंत्रपणे ठरवली जाते. वाचनात वरचढ असलेला माणूस बोलण्यात अडखळतो, तर दुकानात रोज बोलणाऱ्या काकू ऐकण्यात त्याच्या पुढे असू शकतात. नागरिकत्वासाठी १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांकडून तेथे बोलणे व ऐकणे यांतीलच चौथी पातळी अपेक्षित असते, हेही ध्यानात असू द्यावे.

ध्वनिफीत सर्वांना एकच द्यावी, काम मात्र वेगवेगळे सांगावे. घरमालकाचा निरोप ऐकून काकूंनी वार आणि वेळ सांगावी. अभियंत्याने त्याला नम्र नकार देणारे उत्तर लिहावे. ज्यांना रोमन लिपी सफाईने वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चॅटची खिडकी निरुपयोगी ठरते. त्यांच्याकडून आवाजी संदेश मागवावेत. मुलांच्या शाळेची सूचना किंवा विजेचे बिल असे घरचेच कागद पाठ म्हणून घेता येतात, मात्र त्यावरील नाव, पत्ता आणि खातेक्रमांक झाकून.

प्रश्न : वर्गात मराठी बोलण्यावर बंदी घालावी का? (नंदनवन)

घालू नये. कृती कशी करायची, हे नवशिक्यांना मराठीत सांगितल्याने वेळ वाचतो आणि तो इंग्रजी बोलण्यात खर्च करता येतो. वर्गात पंजाबी किंवा गुजराती भाषकही असतील, तर मात्र मराठीत कुजबुज करणे त्यांना परके करणारे आहे. तेथे चित्रे, हावभाव आणि नमुना दाखवून काम भागवावे.

प्रश्न : वेळेचे गणित दर काही महिन्यांनी बिघडते, उन्हाळ्यात वीजही जाते. उपाय काय? (सक्करदरा)

नागपूरचे सकाळचे साडेसहा म्हणजे टोरांटोत उन्हाळी वेळेनुसार आदल्या रात्रीचे नऊ आणि हिवाळ्यात आठ. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. घड्याळ त्यांचे फिरते, आपले नाही; म्हणून वेळापत्रक नेहमी त्यांच्या वेळेत लिहावे. वीज गेल्यास वर्ग बंद पडू नये, यासाठी परदेशातील एखाद्या विद्यार्थ्याला सहयजमान (को-होस्ट) करून ठेवावे; ही सोय मात्र झूमच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यावरच मिळते. झूमच्या मोफत खात्यावरील ४० मिनिटांच्या मर्यादेबद्दल अनेकजण तक्रार करतात. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तेवढा वेळ पुरेसा असतो, असे मला वाटते.

प्रश्न : माझी ६२ वर्षांची आई भावाकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला गेली आहे. तिला इंग्रजी शिकण्याचे ॲप घेऊन दिले, पण ती उघडतही नाही. वर्ग लावावा का? (त्रिमूर्तीनगर)

अवश्य लावावा, पण आईंना नेमके काय करता यावेसे वाटते, हे त्यांनाच विचारून मग. नातवाच्या शाळेच्या दारात चार शब्द बोलणे, बसचालकाला थांबा विचारणे, असे काही त्या सांगतील. ॲपमधील सफरचंद खाणाऱ्या मुलाशी त्यांना काही देणेघेणे नाही. कॅनडा सरकारचे १९९२ पासून चालणारे मोफत भाषावर्ग प्रामुख्याने कायम निवासाचा परवाना असलेल्यांसाठी आहेत; आई पाहुण्या म्हणून गेल्या असतील तर तेथे प्रवेश मिळणार नाही, तेव्हा जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात संभाषणाचा गट आहे का, याची चौकशी भावाने करावी.

घरच्यांनी दरवेळी पुढे होऊन दुभाष्याचे काम करणे हा मोठा अडसर असतो. आई बोलायला लागल्या की भावाने व वहिनींनी गप्प राहावे. तोवर एक गोष्ट मात्र आजच करून घ्यावी. तातडीच्या मदतीचा क्रमांक तेथे ९११ आहे. त्यावर "मला इंग्रजी येत नाही, मराठी किंवा हिंदी" एवढे आणि घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत सांगता आला पाहिजे. सरावासाठी तो क्रमांक फिरवू नये. भावाने दुसऱ्या खोलीत जाऊन आईंना स्वतःच्या फोनवरून फोन करावा, पत्ता विचारावा आणि त्या चुकल्या तर मध्ये न बोलता पुन्हा विचारावा.