शहरातून ग्रहांचे फोटो: कलर कॅमेरा की मोनो?

तुमचा प्रश्न असा आहे: शहरातल्या गच्चीवरून ८ इंची श्मिट-कॅसेग्रेनने (आरसा आणि भिंग दोन्ही असलेल्या आखूड दुर्बिणीने) गुरू-शनी टिपायचे, तर कलर कॅमेरा घ्यावा की मोनो, म्हणजे फक्त राखाडी छटा टिपणारा? आणि मोनो घेतला तर प्रकाशप्रदूषण टळेल का?

कलर घ्या, आणि वाचलेल्या पैशातून एडीसी (वातावरणामुळे फाकलेले रंग पुन्हा जुळवणारी प्रिझमची जोडी) घ्या. प्रकाशप्रदूषणाची काळजी इथे सोडून द्या. गुरूच्या एका फ्रेमचं एक्स्पोजर साधारण ५ ते १५ मिलिसेकंद असतं, तेवढ्यात उजळलेलं आकाश सेन्सरवर जवळपास उमटतच नाही. मोनो आणि नॅरोबँड (प्रकाशाचा एक अरुंद पट्टाच आत सोडणाऱ्या) फिल्टरचा सल्ला तेजोमेघांसाठी असतो. शहरात ग्रहांना नडते ती हवा. दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात आणि स्क्रीनवर गुरूची कडा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. कॅमेरा कोणताही असो, दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा आणि ग्रह जास्तीत जास्त वर आल्यावरच रेकॉर्डिंग करा.

मोनोचा प्रत्येक पिक्सेल पूर्ण प्रकाश घेतो हे खरं. पण रंगीत चित्रासाठी तुम्ही त्याच्यापुढे लाल, हिरवा, निळा फिल्टर आळीपाळीने लावता, म्हणजे प्रत्येक रंगाला एक तृतीयांश वेळ मिळतो. कलरमध्ये वेळ पूर्ण मिळतो, पिक्सेल वाटले जातात. हिशेब बराचसा जुळतो. बायर जाळीमुळे, म्हणजे कलर सेन्सरच्या पिक्सेलांवरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांच्या चौकड्यांमुळे, तपशील हरवतो म्हणावं, तर हवेमुळे ग्रह सतत इकडेतिकडे सरकत असतो, त्यामुळे हजारो फ्रेम स्टॅक करताना (एकावर एक जुळवून सरासरी काढताना) त्या फटी बऱ्याच भरून निघतात.

मोनोची खरी अडचण गुरूचं फिरणं. ९ तास ५५ मिनिटांत तो एक फेरी मारतो. बिंब ४५ आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असेल तर मध्यावरचा ठिपका मिनिटाला सुमारे ०.२४ आर्कसेकंद सरकतो. ८ इंचीची भेदनक्षमता, म्हणजे ती वेगळा दाखवू शकेल असा सर्वात बारीक तपशील, साधारण ०.६ आर्कसेकंद, म्हणजे अडीच मिनिटांतच तेवढं सरकणं होतं. त्यात तीन फिल्टर, प्रत्येकी ४० सेकंद, मध्ये फिल्टर व्हील फिरणार आणि कधी फोकसही बदलावा लागणार. तेवढ्यात हवा बिघडली की एक चॅनल मऊ येतो, बहुधा निळा. उपग्रह लाल-हिरवे-निळे असे तीन वेगळे ठिपके होऊन बसतात. विनजुपॉस या सॉफ्टवेअरने डीरोटेशन, म्हणजे ग्रहाच्या फिरण्याची भरपाई, करता येतं, पण सुरुवातीलाच तो व्याप नको.

कलर कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतातच. पहिली यूव्ही-आयआर कट (अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारा) फिल्टर, कॅमेऱ्याच्या काचेत तो नसेल तर. बायरचे तिन्ही रंग अवरक्त प्रकाश आत सोडतात, त्यामुळे फिल्टर नसला की रंग फिके आणि कडा फुगलेल्या येतात. दुसरी एडीसी: ग्रह ५० अंशांच्या खाली असला की वातावरण त्याच्या एका कडेला निळी, दुसरीला लाल किनार लावतं. एडीसीचे प्रिझम हलवून ती घालवा आणि मग फोकस पुन्हा करा. हे हमखास विसरलं जातं.

फोकल रेशो (दुर्बिणीची नाभीय लांबी भागिले तिचा व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराच्या पाचपट धरा. २.९ मायक्रॉनला एफ/१५ च्या आसपास. तेव्हा गुरू सुमारे २२५ पिक्सेल रुंद दिसतो, म्हणून ६४० बाय ४८० ची चौकट पुरते आणि फ्रेमरेट वाढतो. रेकॉर्डिंग एसईआर या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, डीबायर न करता, म्हणजे चौकड्यांतून रंग न काढता. स्क्रीनवर बारीक चौकड्यांचं राखाडी चित्र दिसलं तरी घाबरू नका, रंग ऑटोस्टॅकर्ट हे स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर काढतं.

मोनो घ्यायचा तो मुख्य लक्ष्य चंद्र असेल तर, किंवा शुक्राचे ढग अतिनील फिल्टरने, गुरू ८८९ नॅनोमीटरच्या मिथेन पट्ट्यात टिपायचा असेल तर. चंद्राला रंगांची गरज नाही आणि ६८५ नॅनोमीटरच्या आयआर-पास (त्यापुढचा अवरक्त प्रकाशच आत सोडणाऱ्या) फिल्टरमागे शहरातली हवाही बरीच शांत दिसते. नुसती ही अवरक्त चव घ्यायची असेल तर आयएमएक्स४६२ सेन्सरचा कलर कॅमेराही चालतो: ८५० नॅनोमीटरच्या पुढे त्याचे सगळे पिक्सेल जवळपास सारखेच वागतात. मात्र तिथे ८ इंचीला दिसू शकणारा सर्वात बारीक तपशील हिरव्या प्रकाशापेक्षा सुमारे दीडपट जाड होतो. म्हणून हवा चांगली असलेल्या रात्री आयआर-पास फिल्टर काढून ठेवा.