मुलीला सांडपाण्यातलं निकेल परत काढायचंय, डिग्री कोणती?

प्रश्न: भोसरीत आमचं निकेल आणि कॉपर प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. मुलीची बारावी झाली, सीईटीही दिली. सांडपाण्यातला धातू विजेने परत काढणाऱ्या सेलचंच शिक्षण घ्यायचं म्हणते. अशी डिग्री असते का? नोकरी लागेल का? की सरळ कॉम्प्युटरला घालावं? – एक पालक

उत्तर: नोकरीचं आधी सांगतो. नेमक्या याच कामासाठी माणूस हवा, अशी जाहिरात क्वचितच दिसेल. हे काम प्लेटिंग, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड), धातू शुद्धीकरण, जुन्या बॅटऱ्यांचं रिसायकलिंग, सांडपाणी प्रक्रिया अशा बऱ्याच धंद्यांत विखुरलेलं आहे. म्हणून पदवी मोठ्या शाखेची घ्यावी आणि हात या विषयात बसवावा.

माझी पहिली पसंती केमिकल इंजिनिअरिंगला, दुसरी मेटलर्जीला. विजेचा हिशेब अकरावी-बारावीतलाच आहे. फॅरडेच्या नियमानुसार एका अँपिअर-तासाला जास्तीत जास्त 1.19 ग्रॅम तांबं किंवा 1.1 ग्रॅम निकेल बसतं. तुमच्या निकेल बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, जवळपास तेवढं बसतंही, कारण तिथे धातू भरपूर असतो. धुण्याच्या पाण्यात तो इतका विरळ असतो की धातूचे आयन कॅथोडपर्यंत (ज्यावर धातू बसतो तो ऋण इलेक्ट्रोड) पुरेशा वेगाने पोचत नाहीत आणि उरलेला करंट हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. म्हणून कॅथोड फिरवतात, किंवा कार्बन फेल्टसारखा सच्छिद्र घेऊन त्यातून पाणी खेळवतात. निकेल तांब्यापेक्षा त्रासदायक. तांब्याचं प्रमाण विभव +0.34 व्होल्ट, निकेलचं उणे 0.25, हायड्रोजनचं शून्य; विभव जितकं वर, तितका धातू सहज बसतो. म्हणजे निकेलला हायड्रोजनशी स्पर्धा करावी लागते आणि पीएच सतत सांभाळावा लागतो. प्रवाह, पृष्ठभाग, वस्तुमान वहन हे सगळं केमिकलच्या अभ्यासक्रमात रीतसर येतं.

तुमच्यासाठीही एक गोष्ट. असा सेल बसवला की ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची) गरज संपते, असं कोणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा. सेलमधून निघालेल्या पाण्यातही थोडा धातू राहतोच. त्याला आयन एक्स्चेंज रेझिन (धातूचे आयन धरून ठेवणारे दाणे) किंवा नेहमीची चुन्या-कॉस्टिकची प्रक्रिया लागते. फायदा असा की धातूचा गाळ कमी होतो. तो धोकादायक कचऱ्यात मोडतो आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च तुम्हाला ठाऊकच आहे.

आता संस्था. नावातच हा विषय असलेली पदवी हवी असेल तर तमिळनाडूत कराईकुडीला सीएसआयआरची सेक्री ही संस्था आहे. तिथे केमिकल अँड इलेक्ट्रोकेमिकल इंजिनिअरिंगचं बीटेक चालतं. यंदाचे प्रवेशाचे नियम संस्थेकडूनच घ्या. महाराष्ट्रात केमिकलसाठी माटुंग्याची आयसीटी आणि नागपूरचं एलआयटी, मेटलर्जीसाठी पुण्याचं सीओईपी. जेईई मेन चांगली गेली असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीत दोन्ही शाखा आहेत. पुढे गेट देऊन एमटेकला इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं काम करणारा मार्गदर्शक शोधावा. खरं स्पेशलायझेशन तिथे होतं.

प्रवेश होईपर्यंत तिला शॉपवर येऊ द्या. बाथनंतरची पहिली, साचलेल्या पाण्याची ड्रॅग-आउट टाकी (वस्तूंना चिकटून आलेलं बाथचं द्रावण जिथे धुतलं जातं ती) तिच्या ताब्यात द्या. आठवडाभर रोज नमुना घेऊन लॅबमधून निकेल मोजून आणायचं, रोज त्यात किती वाढ होते ते टाकीच्या लिटरने गुणायचं आणि महिन्याला किती रुपयांचा धातू वाहून जातो ते तिने तुम्हाला सांगायचं. हिशेब एवढ्यावरच थांबवा. रेक्टिफायर (डीसी करंट देणारं यंत्र) लावून घरगुती प्रयोग नकोत. निकेल बाथमध्ये क्लोराइड असतं, त्यामुळे न विरघळणाऱ्या ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) क्लोरीन वायू सुटू शकतो. तुमचा कॉपर बाथ सायनाइडचा असेल तर त्याच्या आसपास तिला एकटं सोडूच नका. त्यात ॲसिड गेलं तर निघणारा वायू जीव घेतो.

राहिला कॉम्प्युटर. मुलीला त्यात रस असल्याचं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. केमिकल करताना पायथॉन शिकता येतं, आणि सेलचा डेटा हाताळायला ते लागणारच आहे. सीईटीचा पर्याय अर्ज भरताना मात्र भोसरीहून जवळचं कॉलेज म्हणून भलती शाखा वर टाकू नका. शाखा आधी ठरवा, अंतर नंतर बघू.