जँगो (पायथनमधली वेबसाइट बांधायची चौकट) ४.२ वरून ५.२ वर जाताना नव्या सोयींपैकी खरंच कामाच्या कोणत्या?

तुम्ही विचारलंय की ५.० ते ५.२ मधल्या नव्या गोष्टींपैकी कशाला वेळ द्यावा आणि कंपोझिट प्रायमरी की (एकापेक्षा जास्त कॉलम मिळून बनलेली टेबलाची मुख्य की) पहिल्या नंबरवर धरावी का. माझ्या मते नाही. पहिला नंबर ५.० मध्ये आलेल्या डीबी-डिफॉल्टचा, म्हणजे कॉलमला काही दिलं नाही तर डेटाबेसनेच भरायच्या किमतीचा.

जँगोचा नेहमीचा डिफॉल्ट पायथनमध्येच राहतो. नवा नॉट-नल (रिकामा न चालणारा) कॉलम जोडताना मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी पायरी) डेटाबेसमध्ये डिफॉल्ट लावतं, जुन्या रो भरतं आणि लगेच तो डिफॉल्ट काढूनही टाकतं. डिप्लॉय अर्ध्यात असताना जुन्या कोडचे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) नव्या रो इन्सर्ट करतच असतात. त्यांना हा कॉलम माहीतच नसतो, त्यामुळे डेटाबेस रो नाकारतो आणि इंटिग्रिटी एरर सुरू होतात. डीबी-डिफॉल्ट टेबलावरच टिकतो, म्हणून जुना कोडही निभावून जातो. दोन्ही दिलेत तर पायथनमध्ये साध्या डिफॉल्टचं चालतं, थेट एसक्यूएलने आलेल्या रोला डीबी-डिफॉल्ट लागतो.

त्यानंतर ५.१ चं लॉगिन-रिक्वायर्ड मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो थर), जे सगळ्या पानांना लॉगिन सक्तीचं करतं. एखाद्या व्ह्यूला (पान देणाऱ्या कोडला) लॉगिनची अट घालणारा डेकोरेटर लावायचा राहिला तरी तो उघडा पडत नाही. ते ऑथेंटिकेशन मिडलवेअरच्या खालीच ठेवा. स्वतः लिहिलेल्या लॉगिन व्ह्यूला लॉगिन-नॉट-रिक्वायर्ड (लॉगिनची सूट देणारा डेकोरेटर) लावा, नाहीतर रीडायरेक्ट संपतच नाहीत. हेल्थ चेकच्या (सर्व्हर चालू आहे का ते तपासणाऱ्या) यूआरएललाही लावा, नाहीतर तिथे २०० (ठीक) ऐवजी ३०२ (रीडायरेक्ट) जातो.

पोस्टग्रेस डेटाबेसचा कनेक्शन पूल, म्हणजे उघडी ठेवून पुन्हा वापरायची कनेक्शन (५.१, फक्त सायकॉपजी ३ या ड्रायव्हरवर), जपून वापरा. पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो आणि सेटिंगमध्ये पूलला नुसतं ट्रू लिहिलं की प्रत्येकी ४ कनेक्शन उघडतात. ८ वर्करचे ३ सर्व्हर म्हणजे ९६. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. वर सेलरी (मागे कामं करणारी वेगळी यंत्रणा) चालू केलंत की संपलं. सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारे) असतील तर पूलच्या नादी लागू नका. एएसजीआय (एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळणारी असिंक पद्धत) असेल तर घ्या, मिन-साइझ १ ठेवून आणि मॅक्स-साइझ वेगळी देऊन.

कंपोझिट की? तिच्याकडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातून जोडणारा दुवा) नेता येत नाही, अ‍ॅडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांत) मॉडेल नोंदवता येत नाही, चालू टेबलाची की मायग्रेशनने बदलता येत नाही. जुना डेटाबेस जसाच्या तसा जोडायचा असेल तरच.

आणि हे सगळं नंतर. आधी काय काढून टाकलंय ते बघा. साध्या लिंकवरचं लॉगआउट आता ४०५ (या पद्धतीला परवानगी नाही) देतं, त्याचा पोस्ट फॉर्म करा. अपलोड फाइल कुठे ठेवायच्या ते सांगणारी डिफॉल्ट-फाइल-स्टोरेज ही सेटिंग ५.१ मध्ये गेली. एरर येत नाही, पण क्लाउडवर जाणाऱ्या फाइल गुपचूप सर्व्हरच्या डिस्कवर साठत राहतात. ती स्टोरेजेस या नव्या सेटिंगमध्ये हलवा आणि स्टेजिंगवर एक फाइल अपलोड करून ती नेमकी कुठे पोचली ते तपासा.